आडवा पडलेला महामार्ग

ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोली पुलाची येथे पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर चढले. दोन्ही बाजूंना हजारो मालट्रक उभे राहिले. मुंबई-पुण्याकडे रोज रात्री निघणारे दुधाचे टँकर थांबले, शहरात पेट्रोल आणि गॅस सिलिंडरची टंचाई झाली, आणि रस्त्यालगतच्या गावांनी अनोळखी चालकांना जेवण पुरवले. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांपर्यंत गेले आणि रस्ता पुन्हा त्याच जागी बंद पडला. पलीकडे निपाणीजवळ यमगर्णीत वेदगंगेनेही दोन्ही वेळा हाच महामार्ग अडवला.

त्यानंतर जिल्ह्यात दोन मागण्या एकाच वेळी पुढे आल्या. वाहतूकदार आणि उद्योजक म्हणत होते, रस्ता उंच करा. नदीकाठचे शेतकरी म्हणत होते, रस्ता आधीच उंच आहे म्हणून तर पाणी तुंबते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालणे हे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे कोल्हापुरातले खरे काम आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत नेमके तेच सर्वांत कमी झाले आहे, असे माझे मत आहे.

नकाशा समोर ठेवला की अडचण चटकन ध्यानात येते. वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या चारही नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेला कृष्णेकडे जातात. महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. घुणकीजवळ तो वारणा ओलांडतो, शिरोलीला पंचगंगा, कागलच्या पुढे दूधगंगा, मग वेदगंगा. म्हणजे या भागातल्या प्रत्येक मोठ्या नदीच्या वाटेत हा रस्ता आडवा येतो. नद्यांचेच नव्हे, माणसांचे व्यवहारही बरेचसे पूर्व-पश्चिम आहेत. ऊस शेतातून कारखान्याकडे जातो, शाळकरी मुले वस्तीवरून गावात येतात, कामगार गावातून औद्योगिक वसाहतीत जातात, चैत्रात सासनकाठ्या जोतिबाकडे निघतात. प्राधिकरण मात्र रस्ता लांबीने पाहते. त्याचा कंत्राटाचा हिशेब किलोमीटरवर, टोल किलोमीटरवर, कामाच्या नोंदी साखळी क्रमांकावर. पुणे ते बंगळूर किती तासांत, हा त्याचा प्रश्न. हा रस्ता अलीकडून पलीकडे ओलांडायचा कसा, हा कोल्हापूरचा.

प्राधिकरणाची घडणच अशी आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने महामार्गांची मालकी केंद्राकडे आली, पण ते बांधायचे-सांभाळायचे काम राज्यांच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांकडेच राहिले. १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले आणि १९९५ पासून ते प्रत्यक्ष कामाला लागले. जानेवारी १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयींनी पायाभरणी केलेल्या सुवर्ण चतुष्कोन योजनेने त्याला खरे बळ दिले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या या चौकोनाची मुंबई-चेन्नई बाजू कोल्हापूरवरून जाते. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ४, आणि २०१० च्या नव्या क्रमांकांनंतरचा ४८. चार महानगरे जोडण्यासाठी जन्मलेल्या संस्थेला मधली गावे ही अंतरे वाटावीत, यात नवल नाही. तरीही हे काम थोर होते, हे मान्य केलेच पाहिजे. दुपदरी रस्त्यावर ट्रकमागे ट्रक रखडत जाण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना चौपदरीकरणाने काय दिले ते सांगावे लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतले ओतकाम पुण्या-चेन्नईच्या वाहन कारखान्यांपर्यंत वेळेवर पोचते ते या रस्त्यामुळे.

पुराच्या प्रश्नावर जरा थांबू, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळे त्यात दिसतात. पूरमैदानातून रस्ता नेताना अभियंत्यापुढे दोन मार्ग असतात. मातीचा भराव टाकून रस्ता पूररेषेच्या वर उचलायचा आणि नदीपात्रापुरता पूल ठेवायचा, किंवा पूर्ण मैदान खांबांवर ओलांडायचे. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा कित्येक पटींनी महाग. भराव टाकला की पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटर रुंद पसरणाऱ्या नदीला पुलाखालच्या आणि मोऱ्यांच्या तेवढ्याच तोंडातून जावे लागते. वरच्या बाजूला पाण्याची पातळी वाढते. पाटबंधारे खात्याच्या भाषेत हा फुगवटा. शिये, वडणगे, प्रयाग चिखली, आंबेवाडी ही पुराने पुन्हा पुन्हा पोळणारी गावे महामार्गाच्या वरच्या अंगाला आहेत. त्यांच्या वाट्याच्या पाण्यात भरावाचा हिस्सा किती आणि पावसाचा, धरणांच्या विसर्गाचा, पूररेषेतल्या बांधकामांचा किती, हे मोजता येते. त्यासाठीची गणिते आज कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवली जातात.

आपल्याकडे पुराची चर्चा कर्नाटकातल्या आलमट्टी धरणापाशी येऊन थांबते. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या वर्षीच्या पुराचा दोष आलमट्टीला दिला नाही. असाधारण पाऊस, पूररेषेतली अतिक्रमणे आणि नदीच्या वाटेतले अडथळे यांकडे तिने बोट दाखवले. शेजारच्या राज्यावर खापर फोडणे राजकारणाला सोयीचे असते. आपणच बांधलेल्या रस्त्याकडे पाहणे अवघड जाते. सहापदरीकरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा शिरोली परिसरातून ‘भराव नको, पिलर हवेत’ अशी मागणी उठली. माझ्या मते या जिल्ह्याने रस्त्याबद्दल केलेली ही सर्वांत शहाणी मागणी आहे. रस्ता कोरडा राहावा आणि पाणीही वाहावे, या दोन्ही गोष्टी फक्त तिच्यात बसतात. खर्च जास्त आहे हे खरे. पण दोन पुरांत आठवडाभर आणि पुन्हा काही दिवस बंद पडलेल्या महामार्गाचा, सडलेल्या उसाचा आणि पडलेल्या घरांचा खर्च कुठल्या प्रकल्प अहवालात धरला जातो? भरावाचा पैसा प्राधिकरणाच्या खात्यातून जातो, फुगवट्याचा चिखलीच्या शेतकऱ्याच्या. खाती वेगळी असल्याने स्वस्त पर्याय स्वस्त दिसतो.

नेदरलँड्समध्ये ही खाती एकत्र आहेत. तिथली राइक्सवॉटरस्टाट ही १७९८ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था देशाचे मोठे महामार्गही सांभाळते आणि मोठे जलमार्ग व नद्याही. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्या देशाने तटबंध आणखी उंच करत जाण्याऐवजी नद्यांना जागा परत देण्याचे धोरण घेतले. तिसाहून अधिक ठिकाणी कामे झाली. नाइमेखेन शहरासमोर वाल नदीचा तटबंध सुमारे ३५० मीटर मागे सरकवला, नदीसाठी नवे पात्र खोदले आणि त्यावरचे पूल त्या रुंदीला पुरतील असे केले. त्यासाठी घरे हलवावी लागली, लोकांचा विरोध झाला, वर्षे गेली. पण रस्ता आणि पाणी यांचा विचार एकाच टेबलावर झाला. आपल्याकडे रस्ता दिल्लीचा, नदी राज्याच्या जलसंपदा खात्याची, पूररेषेतल्या बांधकामाची परवानगी महापालिकेची किंवा प्राधिकरण नावाच्याच दुसऱ्या कुठल्या संस्थेची. शिरोलीच्या भरावावर हे सगळे एकत्र येतात ते पूर आल्यावर, नियंत्रण कक्षात.

मालकीचा हा गुंता कोल्हापूरकर रोज अनुभवतो. गावातला खड्डा महापालिकेचा, बाहेरचा जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा, महामार्गावरचा प्राधिकरणाचा, असे ढोबळपणे सांगता येते. पण सगळे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे नसतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. देशातल्या सुमारे १.४६ लाख किलोमीटर राष्ट्रीय महामार्गांपैकी बराच भाग आजही राज्यांच्या बांधकाम खात्यांचे राष्ट्रीय महामार्ग विभाग पाहतात. गगनबावड्याहून वैभववाडीला उतरणारा करूळ घाट त्यातलाच. जानेवारी २०२४ मध्ये तो काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि वर्षाहून अधिक काळ बंदच राहिला. कोकणात जाणाऱ्यांना भुईबावड्याचा किंवा फोंड्याचा वळसा पडला. त्या काळात प्राधिकरणाला दिलेल्या शिव्या भलत्याच दारात पडत होत्या.

शिवाजी पुलाची कथा याहून जड आहे. पंचगंगा घाटाजवळचा हा दगडी पूल १८७८ चा, संस्थानकाळातला. त्याचे वय झाले म्हणून शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला आणि तो बराचसा उभा राहिल्यावर पुरातत्त्व कायद्याने काम थांबवले. जवळच ब्रह्मपुरीची संरक्षित टेकडी आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. एका सरकारी खात्याने सुरू केलेले काम दुसऱ्या खात्याच्या कायद्यात अडकून वर्षानुवर्षे पडून राहिले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि १३ जण गेले. त्यानंतर दिल्लीत हालचाल झाली आणि पुढे नवा पूल पूर्ण झाला. जी परवानगी अपघातानंतर मिळू शकते ती आधी का मिळत नाही, हे त्या वेळी ज्याने त्याने विचारले. उत्तर देण्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, हेच ठरलेले नव्हते.

टोलचा विषय कोल्हापुरात काढला की पहिल्यांदा शहराचे आंदोलन आठवते. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन तीस वर्षे टोल वसूल करण्याचा तो करार महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी यांच्यातला होता. प्राधिकरणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली म्हातारेकोतारेही रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१४ मध्ये नाके जळाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. पानसरे ते पाहायला राहिले नाहीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली होती. त्या लढ्याचे महत्त्व मला पैशांपेक्षा हिशेबात दिसते. किती खर्च झाला, कामाचा दर्जा काय, वसुली किती वर्षे आणि कशासाठी, हे प्रश्न नागरिकांनी करारातली कलमे वाचून विचारले. झालेल्या रस्त्यांचे फेरमूल्यांकन करावे लागले ते त्या रेट्यामुळे.

महामार्गावर मात्र असा हिशेब कोणी मागितला नाही. सातारा ते कागल टप्प्याचे चौपदरीकरण रस्ते विकास महामंडळाने केले आणि तासवडे व किणी येथे वसुली केली. २०२२ मध्ये ही जबाबदारी प्राधिकरणाकडे आली. त्याच सुमारास शेंद्रे ते कागल सहापदरीकरण सुरू झाले. तेव्हापासून हा रस्ता वळणमार्ग, अर्धवट पूल, उखडलेले सेवारस्ते आणि धूळ यांतून चालला आहे. ठरलेल्या मुदती उलटल्या. टोल चालू राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये खड्ड्यांच्या रस्त्याला टोल कसला, असे विचारत एका राजकीय पक्षाने या मार्गावरच्या नाक्यांवर आंदोलने केली.

या प्रश्नाला देशात एक ठोस उत्तर मिळाले ते केरळमध्ये. एडपल्ली-मन्नुती टप्प्यावर पुलांची कामे आणि कोंडी यांमुळे प्रवास अशक्य झाला तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पालियेक्करा नाक्यावरची वसुली थांबवली. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्याचे म्हणणे फेटाळले. रस्ता वापरण्याजोगा नसेल तर वापराचे शुल्क मागता येत नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. त्याच महिन्यात, १८ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. दाद मागण्याची जागा आता घराजवळ आली आहे.

प्राधिकरण टोल सोडायला इतके नाखूश का, याचे कारण त्याच्या ताळेबंदात आहे. २०१४ नंतर महामार्गांची लांबी झपाट्याने वाढली, ९१ हजार किलोमीटरवरून आजच्या सुमारे १.४६ लाखांपर्यंत. त्यासाठी काढलेले कर्ज २०२२ च्या सुमारास साडेतीन लाख कोटींच्या जवळ पोचले. मग नवे कर्ज थांबवले गेले, चालू रस्त्यांच्या टोलचे हक्क गुंतवणूकदारांना विकून पैसा उभा करण्याच्या पद्धती आल्या. अशा व्यवस्थेत प्रत्येक नाका म्हणजे कुणाला तरी आधीच कबूल केलेले उत्पन्न. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाल्यावर रांगा कमी झाल्या, हा फायदा मोठा आहे. पण नाक्यावर थांबून वाद घालणारा माणूसही त्यासोबत गेला, आणि पैसे परस्पर कापले जाऊ लागल्यावर जाब विचारण्याची जागाच उरली नाही.

जमिनीच्या बाबतीत कोल्हापूरचा अनुभव आणखी कडवट आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आंबा घाट चढून पैजारवाडीवरून चोकाक, हातकणंगले आणि अंकलीकडे जातो. त्यातला चोकाक-अंकली टप्पा मोबदल्यावरून वर्षानुवर्षे रखडला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला एक ते दोनचा गुणांक लावतात आणि येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम देतात. गुणांक दोन असेल तर चौपट, एक असेल तर दुप्पट. २०२१ मध्ये राज्य सरकारने महामार्गांसाठी हा गुणांक एक केला. त्याच रस्त्यावर आधी ज्यांची जमीन गेली त्यांना चौपट आणि नंतर गेलेल्यांना दुप्पट, असे चित्र निर्माण झाले. शिरोळ-हातकणंगल्यातली ही जमीन बागायती आहे, उसाची आहे, तिचा बाजारभाव दस्तांत नेहमीच कमी दिसतो. शेतकऱ्यांनी मोजणी अडवली ती अडेलपणाने नव्हे. त्यांनी गणित केले होते.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने झुकायला किती वेळ लागतो ते २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग निकालात दिसते. महामार्ग कायद्यात १९९७ मध्ये केलेल्या दुरुस्तीने महामार्गबाधितांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले होते. इतर कारणांसाठी जमीन देणाऱ्यांना ते मिळत होते. हा भेदभाव घटनाबाह्य ठरायला बावीस वर्षे लागली. सुवर्ण चतुष्कोन त्या बावीस वर्षांतच उभा राहिला.

या पार्श्वभूमीवर शक्तिपीठ महामार्गाला जिल्ह्यातून झालेला विरोध समजून घ्यावा लागतो. पहिल्या आखणीनुसार पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. बांधणार रस्ते विकास महामंडळ. शिरोळपासून आजऱ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांनी २०२४ मध्ये असा विरोध केला की निवडणुकीच्या तोंडावर सरकारला कोल्हापुरातली अधिसूचना मागे घ्यावी लागली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मान्यता दिली आणि संघर्ष पुन्हा उभा राहिला. याला विकासविरोध म्हणणाऱ्यांनी एकदा रत्नागिरी-नागपूर मार्गाकडे पाहावे. तोही विदर्भातूनच येतो, तोही तुळजापूर आणि कोल्हापूर जोडतो. तो पुरा न करता त्याला समांतर दुसरा आखण्याची निकड कुणाची, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय नवा मार्गही याच नद्यांच्या पूरमैदानांतून भराव टाकत जाणार असेल, तर शिरोलीचा अनुभव आणखी काही गावांच्या वाट्याला येईल.

आणि आता ओलांडण्याबद्दल. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ६१ हजारांवर राष्ट्रीय महामार्गांवर. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, मृत्यूंत छत्तीस टक्के. प्राधिकरण यावर उपाय करते ते अपघातप्रवण जागा शोधून: पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा यादीत जाते. याचा सरळ अर्थ असा की माणसे मेल्याशिवाय किंवा जायबंदी झाल्याशिवाय जागा सापडत नाही.

या जिल्ह्यात जागा आधीच सांगता येतात. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर महामार्गावर येतात. मागे दिवा नसतो, असलाच तर ऊस त्यावर लोंबतो. शेत महामार्गाच्या एका बाजूला, कारखान्याचा फाटा दुसऱ्या बाजूला. भुयारी मार्ग दोन किलोमीटरवर किंवा ट्रॉलीला पुरेल एवढा उंच नाही. मग चालक उलट्या दिशेने येतो. त्याला दंड करावा, रिफ्लेक्टर लावावेत, हे बरोबरच. पण ताशी शंभरच्या वेगासाठी आखलेल्या रस्त्यावर ताशी पंधराने जाणारे वाहन आणून सोडले ते आखणीने. सलग सेवारस्ता असता तर तो ट्रॅक्टर तिकडे येण्याचे कारण उरले नसते. टोप, नागाव, उचगाव, गोकुळ शिरगाव इथल्या पादचाऱ्यांचेही हेच. पायऱ्या चढून जाण्याचा पूल बांधायचा आणि म्हाताऱ्या बाईने तो वापरला नाही म्हणून तिलाच दोष द्यायचा, ही पद्धत अभियांत्रिकीत बसत नाही.

सहापदरीकरण अजून पुरे व्हायचे आहे, त्यामुळे बदल करण्याची वेळ टळलेली नाही. साखर कारखान्यांकडे कोणत्या गटातला ऊस कोणत्या फाट्यावरून येतो याची नोंद हंगामापूर्वीच असते. ग्रामपंचायतींना शाळेची मुले कुठून रस्ता ओलांडतात ते माहीत असते. जलसंपदा खात्याकडे २००५, २०१९ आणि २०२१ च्या पूररेषा आखलेल्या आहेत. या तिन्हींवरून कुठे मोरी वाढवायची, कुठे भराव काढून खांब घ्यायचे आणि कुठला भुयारी मार्ग ट्रॉलीच्या उंचीचा करायचा, हे गावनिहाय ठरवता येते. प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाने ती यादी मराठीत छापून किणीपासून कागलपर्यंतच्या प्रत्येक ग्रामसभेत ठेवावी आणि गावाने सही केल्याखेरीज त्या टप्प्याचे काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये.